मंडईत आलेलं जहाज

मंडईच्या बैठकीला मी गेले ती भांडायच्या तयारीनेच. दिवाळी झाली की करडी गावाच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाव्हणे येतात, दुकानं लागतात, आणि दुपारी भर उन्हात दंडार होते. दंडार म्हणजे आमचं गाण्यानाचाचं लोकनाट्य. माझे वडील त्यात बाईचं सोंग घ्यायचे, नंतर माझा दादा ढोलकी वाजवायचा आणि राजाचं सोंगही करायचा. पण गेली काही वर्षं दंडार बंद पडली होती. बाहेरगावची नाचगाण्याची पार्टी यायची, मोठमोठे भोंगे लावायची, आणि दुसऱ्या दिवशी गावाला काल काय पाहिलं तेही आठवायचं नाही.

मंडई समितीचे अध्यक्ष गावातले किराणा दुकानदार. माणूस भला, पण जिकडे गर्दी तिकडे त्यांचा कल.

"दंडार पाह्यले कोण येते बाई?" ते म्हणाले. "पोट्टे मोबाईलात डोकं घालून बसतेत."

"दुपारचे दोन तास द्या," मी म्हणाले. "संध्याकाळी तुमची पार्टी नाचवा. आम्ही नवीन दंडार बसवतो."

"कायच्यावर?"

"चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातली काही माणसं जहाजात बसून अमेरिकेच्या किनाऱ्यावर गेली आणि तिथं त्यांनी गाव वसवलं. त्याच्यावर."

मागून कोणीतरी हसलं आणि सगळेच हसले. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. मला वाटतं, त्यांना माझी कीव आली. "दोन तास घ्या," ते म्हणाले, "पण लोक उठून गेले तं आमाले बोल लावू नोका."

मी आंधळगावच्या शाळेत इतिहास शिकवते. पुस्तकात या वसाहतीची गोष्ट दोन परिच्छेदांत आटपते. जहाज आलं, वसाहत झाली, वसाहत वाढली, पुढचा धडा. पण नागपूरला एम.ए. करताना मी ती सविस्तर वाचली होती आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेली नव्हती. ती माणसं ऐन हिवाळ्याच्या तोंडावर उतरली. वसंत येईपर्यंत निम्मी मेली. जिथं उतरली तिथं साफ केलेली शेतं होती, पण माणूस नव्हता, कारण आधीच्या जहाजांबरोबर आलेल्या रोगराईनं अख्खं गाव संपलं होतं. त्या गावचा एकच माणूस वाचला, तोही आधीच गोऱ्यांनी पळवून समुद्रापार नेऊन विकला होता म्हणून. तो कसाबसा परत आला तर घरी कोणी नाही. आणि त्याच माणसानं या उपाशी परक्यांना मका पेरायला शिकवलं, बियाण्यासोबत मातीत मासे पुरून. पुढे जहाजांवर जहाजं आली. कुंपणं पडली. एका माणसाचं आयुष्य सरायच्या आत जमिनीचे मालक उपरे झाले.

या गोष्टीत भूक आहे, पेरणी आहे, मासे आहेत, धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं भांडण आहे. धानाच्या बांध्यांत, खाचरांत, आणि तलावांवर जगणाऱ्या माणसांना ही कळणार नाही तर कोणाला कळणार?

दादाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. "तुले येडं लागलं का वो?" एवढं म्हणून त्यानं घास घेतला. मी सांगत राहिले. तो माणूस परत आला इथपर्यंत आले तेव्हा त्याचा हात ताटातच थांबला.

"मंग? कोणीच नोयतं?"

"कोणीच नाही. घरांचे सांगाडे होते. हाडं होती."

दादा उठला, अंगणात जाऊन आचवला, आणि आत येऊन म्हणाला, "हे करू."

मी गोष्ट लिहायची आणि दादानं तिची गाणी करायची असं ठरलं. माझी लांबलचक वाक्यं तो खाटेवर बसून कापायचा. मी लिहिलं होतं की समुद्रप्रवासात प्रवाशांचे अतोनात हाल झाले. त्यानं त्याचं केलं, 'पानीच पानी चहूकडं, पेवाले घोट नाही.' तो हे गायला लागला की माझ्याच घशाला कोरड पडायची.

गोऱ्यांचा मुखिया दादाच होणार होता. त्याच्यासाठी बँडवाल्यांचा लाल कोट मिळाला. परत आलेल्या माणसाचं काम कोणाला द्यायचं हा प्रश्न होता. दादा मला तलावाच्या बांधावर, पाळीवर घेऊन गेला. तिथं ढिवर मोहल्ल्यातला एक माणूस जाळं वाळवत होता. पन्नाशीचा, सावळा, खोल आवाजाचा. जाळं ओढताना तो गातो तेव्हा पलीकडच्या काठावर ऐकू येतं. तरुणपणी तो गुजरातेत सूतगिरणीत कामाला गेला होता, अनेक वर्षांनी परतला.

"मले नाटकातलं बोलता येत नाही जी," तो म्हणाला. "लोक हासतील."

"हासू दे," दादा म्हणाला. "तू फक्त घरी ये. घरी कोणी नाही. एवढंच करायचं हाय."

त्या माणसानं जाळं गुंडाळलं. "येतो," म्हणाला.

आता राहिल्या बायका. मुखियाची बायको हवी होती, मका पेरणाऱ्या तिथल्या बायका हव्या होत्या. जुन्या पद्धतीनं पुरुषांनीच लुगडी नेसायची, पण दादाच्या वयाच्या एकाही गड्यानं मिशी काढायची तयारी दाखवली नाही. तालीम अडली. समाजमंदिराच्या पायरीवर वहिनी आमच्यासाठी चहा घेऊन उभी होती. किटली खाली ठेवून ती म्हणाली, "मी करतो."

तालमीला अध्यक्षही आले होते. ते दचकले. "बायका दंडारीत नाचत नाहीत."

"नाचून कोन राह्यलं?" वहिनी म्हणाली. "मी मका पेरून राह्यली. रोवणीले आमी, निंदणीले आमी, कापणीले आमी. अन् खेळात पेरणी आली तं मिशीवाला मानूस लुगडं नेसून पेरल?"

दादा जमिनीकडे पाहत होता. हसू दाबत होता की अभिमान, मला कळलं नाही. अध्यक्षांनी आधी माझ्याकडे, मग दादाकडे पाहिलं. मदतीला कोणी येत नाही असं दिसल्यावर म्हणाले, "मंग पेर बापा." दुसऱ्या दिवशी वहिनीच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या टोळीतल्या सगळ्या बायका तालमीला हजर. त्यांना शिकवावं लागलं नाही. वाकून एका ओळीत मागे सरकत पेरत जायचं आणि वर गाणं म्हणायचं, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या.

एकच भांडण झालं, शेवटावरून. पहिलं पीक आलं तेव्हा गोरे आणि तिथले लोक एकत्र जेवले होते. दादाला दंडार तिथंच संपवायची होती.

"मंडई हाय," तो म्हणाला. "लोक पोराबाळांले घेऊन येतेत. जेवणाच्या पंगतीवर सपव, हासत घरी जाऊ दे."

"आणि पुढची जहाजं? कुंपणं? ते कोणी सांगायचं?"

आम्ही बहीणभाऊ दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तालमीत ढिवर मोहल्ल्यातल्या त्या गड्यानंच विचारलं, "पंगत झाली. मंग ते गोरे आपल्या घरी गेले का?"

"नाही गेले," मी म्हणाले.

"मंग दंडार कशी सपली?"

दादानं ढोलकीवर एक थाप मारली आणि म्हणाला, "लिही बाई पुढं."

मंडईच्या दिवशी मैदान भरलं होतं. लोक भजी खात, एकमेकांची विचारपूस करत इकडेतिकडे उभे होते. आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं पेटी आणि टाळांचा आवाज आला. गर्दी फाकली आणि जहाज आलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मासेमारीचे दोन डोंगे एकमेकांना बांधलेले, मध्ये बांबू डोलकाठीसारखा उभा केलेला, त्यावर धानाच्या ढिगावर टाकायची निळी ताडपत्री शिडासारखी फुगलेली. पुढं लाल कोटात दादा, हात डोळ्यांवर धरून जमीन शोधतोय. "पानीच पानी चहूकडं!" मैदान हसून फुटलं. भजीवाल्यानं कढई उतरवली आणि तो स्टुलावर चढून पाहू लागला. मी मांडवाच्या खांबाआड उभी होते.

हिवाळा आला. गोरे एकेक करून खाली बसले आणि आडवे झाले. दादा प्रत्येकावर चादर ओढत होता आणि साथीदाराची ढोलकी हळू होत होती. उभे असलेले लोक खाली बसू लागले. मग मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, लोकांच्या मधून, तो माणूस चालत आला. आम्ही त्याला दोन ओळी दिल्या होत्या. त्यानं त्या म्हटल्याच नाहीत. तो घरं म्हणून उभ्या केलेल्या बांबूच्या पहिल्या चौकटीसमोर उभा राहिला आणि हाक मारली, "माय!" दुसऱ्या चौकटीसमोर गेला. "भाऊ!" तिसरीसमोर. "माह्या पोरी!" प्रत्येक हाकेनंतर तो उत्तराची वाट पाहायचा. खरंच पाहायचा. शेवटच्या चौकटीसमोर त्यानं हाक मारलीच नाही, फक्त दाराची कडी काढल्यासारखा हात केला. बायकांच्या बाजूनं कोणी तरी मोठ्यानं हुंदका दिला आणि मग अनेकींनी पदर डोळ्यांना लावले.

तिथून पुढं मैदान आमचं झालं. मक्याबरोबर मासे पुरायची वेळ आली तेव्हा तलावातले खरे मासे आले आणि ढिवर मोहल्ल्यातून शिट्ट्या उठल्या. "आमचा मासा अमेरिकेत गेला रे!" वहिनी आणि टोळीनं पेरणीचं गाणं म्हटलं तेव्हा बसलेल्या बायकांनी बसल्या बसल्या सूर धरला. पंगत झाली, टाळ्या झाल्या. काही जण संपलं समजून उठायला लागले.

तेव्हा दुसरं जहाज आलं. मग तिसरं. उतरणारे सगळे जण हातात कुंपणाचा एकेक बांबू घेऊन उतरत होते, आणि मोकळं मैदान बघता बघता आवळत गेलं. मग गोऱ्यांनी आपली ढोरं सोडली. हेही पुस्तकातलंच होतं. वसाहतीची गुरं तिथल्या लोकांच्या उभ्या पिकात शिरायची आणि भांडणं व्हायची. आम्ही मातीत मक्याचे हिरवे धांडे रोवले होते आणि दादानं आपली तांबडी गाय त्यात सोडली. गाय भुकेलीच होती. तिनं सरळ धांड्यांना तोंड घातलं.

मी कितीही लिहिलं असतं तरी जे झालं ते मला लिहिता आलं नसतं. अख्खं मैदान उभं राहिलं. "अरे ढोर शिरलं! हाकला!" पुढं बसलेला एक म्हातारा शेतकरी काठी घेऊन थेट खेळाच्या जागेत आला, त्यानं गायीचं दावं धरलं आणि दादाच्या छातीला बोट लावलं.

"काहून बे लाल कोटवाल्या? दुसऱ्याच्या वावरात ढोरं सोडतेस? कोंडवाड्यात टाकतो हिले!"

दादा क्षणभर दादा होता. मग त्यानं छाती काढली आणि मुखिया झाला. "हे वावर आता आमचं हाय."

"कोणी देल्लं तुले?"

"आमी कुंपण घातलं."

"कुंपण घातल्यानं वावर आपलं होते का?" म्हाताऱ्यानं मैदानाकडे वळून विचारलं, आणि मैदानानं एका आवाजात उत्तर दिलं, "नाही!"

मी शाळेत कितीतरी वर्षं हाच प्रश्न विचारत आले आहे. एवढ्या जणांनी एवढ्या मोठ्यानं उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी लहान पोरीसारखी उड्या मारत होते.

शेवटी तिथले लोक आपली गठुळी डोक्यावर घेऊन लोकांच्या मधून निघून जातात, असं ठरलं होतं. पुढं वहिनी, मागे टोळी, मागे तो हाका मारणारा. गाणं म्हणत ते निघाले. पहिल्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्या उठल्या आणि त्यांच्याबरोबर चालायला लागल्या. मग त्यांच्या सुना. मग पुरुषही. खेळाच्या जागेत कुंपण, गाय आणि लाल कोटातला दादा एवढेच उरले, आणि सारी मंडई वहिनीच्या मागे तलावाच्या पाळीपर्यंत गात गेली.

परत आल्यावर अध्यक्षांनी माईक हातात घेतला. चार वेळा खाकरले. "बाई," एवढंच म्हणाले, आणि मग, "पुन्हा करा. आत्ताच करा." संध्याकाळच्या पार्टीला त्यांनी थांबायला सांगितलं. आम्ही दिवस मावळायच्या आत पूर्ण दंडार दुसऱ्यांदा केली. पहिल्यांदा पाहिलेल्यांपैकी कोणीही घरी गेलं नाही. म्हातारा शेतकरी यावेळी आधीच काठी सरसावून बसला होता.

त्या हंगामात आंधळगावनं बोलावलं, मग शेजारच्या गावांनी, आणि सगळ्यात शेवटी तिकडं तुमसरच्या पुढं, जंगलाकडच्या नाकाडोंगरीनं. तिथं लोक हसलेच नाहीत; कुंपणं त्यांनी आधीच पाहिली होती. जहाज आलं तेव्हापासूनच शांत बसून होते, आणि कुंपणाच्या वेळी इतके पुढं सरकले की आम्हाला बांबू रोवायला जागा उरली नाही. खेळ संपल्यावर वहिनीला तिथल्या बायकांनी वेढा घातला. एकीनं तिचा हात धरून विचारलं, "तू कोणत्या कंपनीची नटी होय वो?"

"मी रोवणीवाली हाय," वहिनी म्हणाली. "करडीकडची."

येताना ट्रॉलीत सगळी मंडळी दाटीवाटीनं बसली होती. दादा लाल कोट न काढताच ट्रॅक्टर चालवत होता आणि रस्त्यावरची पोरं त्याला सलाम ठोकत होती. बांध्यांत कापलेल्या धानाचे पुंजणे उभे होते. वहिनीनं मोठ्या आवाजात गाणं सुरू केलं, पाठोपाठ त्या खोल आवाजाच्या गड्यानं, मग टोळीनं, आणि मीही, जिला शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा कोणी गायला सांगत नाही, पार घर येईपर्यंत गात होते.