सुनंदानंच पासवर्ड बदलायला लावला

मंडळी, आज आमच्या पेठच्या पशुखाद्य कारखान्यातली कॉम्प्युटर ऑपरेटर सुनंदा नोकरी सोडून गेली, तीही आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत! आमच्या खाद्याच्या मिश्रणांची सगळी प्रमाणं तिच्याच कॉम्प्युटरवर आणि तिच्याजवळच्या पेन ड्राइव्हमध्ये. "पेन ड्राइव्ह दे" म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

नव्या नोकरीचे पेढे वाटायच्या आधी तिनंच तो पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "दादा, ह्यो हितंच ऱ्हाऊद्या. आन् पासवर्ड आत्ताच बदला."

माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच बदलला आणि त्याच भरात सगळ्यांना मोठ्यानं सांगूनही टाकला!

"आवो दादा, मी आजून हितंच हाय!" ती ओरडली. सगळे पोट धरून हसलो. ती गेल्यावर पुन्हा बदलला.

जाणाऱ्या माणसाकडून हे सगळं, त्याचं मन न दुखावता, तुम्ही कसं मागून घेता?