पदर धरून कोण होतं

भर बाजारात मी स्वतःचीच पिशवी चोरवून घेतली होती. नातवंडं हसतात, हसू देत. तेव्हा मी कॉलेजच्या मानसशास्त्र मंडळाची सेक्रेटरी होते, आणि कुणी भुताखेताची गोष्ट काढली की त्याला विज्ञान शिकवल्याशिवाय मला जेवण जात नसे. अशी ही शहाणी... अनुभव नेमका तिलाच आला.

एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासचा हिवाळा. आमच्या मंडळात व्याख्यानं व्हायची, एकमेकांच्या बुद्धीच्या चाचण्या व्हायच्या. माझे मार्क नेहमी जास्त, कारण तपासायला मीच. खरा फायदा एवढाच, की मंडळाच्या नावावर आम्हा मुलींना नागपूरबाहेर पडता यायचं. छोट्या रुळांच्या आगगाडीने नागभीड, पुढे ब्रह्मपुरीला माझ्या मामांकडे मुक्काम. आणि वैनगंगेकाठच्या एका गावच्या आठवडी बाजारात 'साक्षीचा प्रयोग' — वर्गातल्या वसंताने माझी पिशवी हिसकून पळायचं, मग बघणाऱ्यांना एकेकटं गाठून विचारायचं, काय पाहिलंत?

वसंता पळाला आणि थेट मुरमुरेवाल्याच्या तावडीत सापडला. त्याच्या थोबाडीत बसल्यावर मी धावत जाऊन सांगितलं, अहो, हे नाटक आहे.

"नाटक होतं तं आधी सांगाचं ना, बाई," मुरमुरेवाला म्हणाला. "आता माहा हात दुखून राह्यला."

मग विचारपूस. माझं पातळ पांढरं होतं. कुणी हिरवं सांगितलं, कुणी लाल. मी खूश... माणसाची आठवण खोटारडी, हेच तर सिद्ध करायचं होतं. फक्त जो तो शेवटी, न विचारता, एकच म्हणायचा — "तुहा पदर धरून होती ते पोरगी कुठी गेली?"

माझ्यासोबत पोरगी नव्हती.

ओले केस, एकाच पायात वाळा. मुरमुरेवाल्याने मला सांगितलं तेच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बांगडीवाल्याने वसंताला सांगितलं.

शेजारी सुपं-टोपल्या विकणारी एक बाई ऐकत होती. हातातलं सूप तिने खाली ठेवलं.

"एकाच पायात?"

"तसं म्हणताहेत सगळे."

"दुसरा घरी हाय. कडी तुटली म्हून मीच काढला होता."

तिची पोर पावसाळ्यात डोंग्यातून नदीत पडली होती. सापडलीच नव्हती.

आणि मी काय केलं? तिच्यासमोर उकिडवी बसून मी तिला समजावलं. मन चित्रं तयार करतं, एकाचं ऐकून दुसरा बोलतो, तुमची मुलगी इथे नाही, कधीच नव्हती. आमच्या सरांसमोर बोलावं तसं, मुद्देसूद. तिने पूर्ण ऐकून घेतलं. रडली नाही.

मुरमुरेवाला गावचाच, त्याला ती पोर ठाऊक असणार — मान्य. पण बांगडीवाला त्या बाजारात त्या दिवशी पहिल्यांदाच आलेला. सरांना विचारलं, तर त्यांनी विषय बदलला.

ऊन उतरल्यावर आम्ही बैलगाडीत चढत होतो. ती टोपल्या तशाच टाकून आली. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. माझ्या पदराच्या टोकाशी, जरा खाली बघत म्हणाली,

"बाई, तू जाऊन राह्यली तं जाय. तिले मात्र इथीच सोडून जाय."