आबांनी पडून दाखवलं तेव्हा

परवा सेटवर एका नटाला मिशी चिकटवत होते. त्या गोंदाचा झोंबरा वास नाकात गेला आणि वाईजवळचं तापलेलं माळरान आठवलं. तेव्हा मी दिग्दर्शक नव्हतो, लहानसहान भूमिका करणारा नट होतो. त्या दिवशी तशीच मिशी चिकटवून, सैनिकाच्या वेषात गोळी लागून मरायचं होतं.

माझे वडील, आबा, साताऱ्याहून एसटीनं शूटिंग बघायला आले होते. फौजेत उभी हयात गेलेली, पण लढाईबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

मी छाती धरून, गिरकी घेऊन झोकात पडलो. टाळ्या वाजल्या. आबा मात्र सरळ माझ्याजवळ आले.

"असं न्हाई पडत रं माणूस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आबा, तुमी बाजूला व्हा की!"

दिग्दर्शक म्हणाले, "थांब. दाखवा, आबा."

आबा दोन पावलं चालले आणि थकून बसावं तसे गुडघ्यांवर बसले. मग अलगद कुशीवर कलंडले. एक हात पुढं पसरलेला, मूठ उघडी. ते उठेनात, म्हणून मी धावलो. त्यांचे डोळे भरले होते.

"कोण होता, आबा?"

"माझा जोडीदार. पाणी देत हुता मला."

तो शॉट मी आबांसारखं पडून कसाबसा दिला. संध्याकाळी दिग्दर्शकांना म्हणालो, "मला तुमच्या हाताखाली घ्या."

ते म्हणाले, "का रे, अभिनयाचा कंटाळा आला?"

"तसंच समजा," मी म्हणालो. खरं उत्तर आज देता येईल. मी आबांना बाजूला व्हायला सांगत होतो, दिग्दर्शकांनी 'दाखवा' म्हटलं; म्हणून इतकी वर्षं एका घरात राहून मी आबांना त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं होतं.