चालता प्रोग्राम पुसणारा

शहापूरला आमच्या शेजारी एक प्रोग्रामर राहतो. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबतो, समोरच्याला समजलं का ते बघतो, मगच पुढचं बोलतो.

माझ्या राईस मिलमधल्या धान वाळवणाऱ्या ड्रायरचा जुना कंट्रोलर बिघडला, म्हणून नवी चिप बसवली. जुन्यातल्या मशीनभाषेतल्या सूचना या चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम यानेच लिहिला. ड्रायर सुरू झाला. बाहेर ओल्या धानाचे ट्रॅक्टर उभे होते. आणि याने तो प्रोग्राम पुसून टाकला; ड्रायर पुन्हा बंद!

"काहून पुसलं गा? चालून राहिलं होतं ना!" मी ओरडलो.

"चालून राहिलं होतं, भाऊ. पण चुकलं तर कुठं चुकलं, हे मले दिसत नव्हतं."

धान अंगणात पसरून वाळवावं लागलं. त्याने सगळं नव्याने लिहिलं. आता भाषांतर टप्प्याटप्प्याने व्हायचं आणि प्रत्येक नव्या ओळीशेजारी तिची जुनी ओळ पडद्यावर दिसायची.

पुढे एकदा ड्रायर भलताच तापला. आम्ही तो वेळीच बंद केला. त्याने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि हमालांसमोर मोठ्याने म्हणाला, "जुनी ओळ बरोबर हाये. चूक माही हाये."

दोष जुन्या कंट्रोलरवर ढकलला असता, तर आम्हाला कुणालाच कळलं नसतं.