मायच्या पंजाची गोवरी

आमच्या आळीत गोवरी बघून घर ओळखता येई. थापताना हाताचा पंजा उमटतो, आणि प्रत्येक बाईचा पंजा वेगळा. माझ्या मायचं मधलं बोट कडबा तोडताना अर्धं गेलं होतं, म्हणून तिच्या गोवरीवर मधलं बोट आखूड. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी ते केलं.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. शेलूबाजारहून बैलगाडीनं तासाभरावर आमचं गाव. जळण म्हणजे गोवऱ्या, कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या. कंदिलाला मातीचं तेल आणि विहिरीवरच्या इंजिनाला डिझेल. दोन्ही ज्या दिवशी हवं त्या दिवशी नेमकं नसे. मी शेतकीची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झालो आणि डोक्यात गोबरगॅस घेऊन घरी आलो. वडिलांना पटवून गोठ्यामागे खड्डा खोदला, तो बांधून घेतला, त्यावर लोखंडी टाकी उलटी बसवली. शेण पाण्यात कालवून कुंडीत ओतायचं, ते नळीतून खड्ड्यात जातं, गॅस झाला की टाकी आपोआप वर उचलली जाते. एवढं सोपं.

वडील रोज सकाळी टाकीकडे बघून विचारत, "उठली का रे तुही म्हैस?"

उठत नव्हती. पहिल्या भरणीला शेण भरपूर लागतं आणि आमच्याकडे जनावरं चारच. त्यातून मी ब्लॉक ऑफिसातल्या साहेबांना सांगून बसलो होतो, येत्या शुक्रवारी या, गॅसवरचा चहा पाजतो. आसपासच्या गावांतले शेतकरीही बघायला येणार होते.

मायचं वेगळंच चाललं होतं. मी पास झालो तर गावाला रोडगे घालीन, असा नवस ती मारुतीला बोलली होती. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. अख्ख्या गावाचे रोडगे म्हणजे जळण केवढं! ते तिनं दिवाळीपासून थापून थापून परसात रचलं होतं.

"गॅसवर करू ना रोडगे," मी म्हणालो.

"मारुतीनं तुले गोवऱ्यांवर पास केलं हाये," माय म्हणाली.

तर त्या राशीतल्या गोवऱ्या मी चोरल्या. दुपारी माय लवंडली की पाटीभर काढायच्या, फोडायच्या, कालवायच्या आणि कुंडीत ओतायच्या. वाळलं तरी शेणच, असा माझा शास्त्रीय विचार. काढायचो मागच्या बाजूनं, म्हणजे पुढून रास शाबूत दिसे. माझ्याच नवसाच्या असल्यामुळे मी त्याला चोरी म्हणत नव्हतो.

पाचव्या दिवशी रास मागच्या मागे कोसळली.

होळी होऊन गेली होती, त्यामुळे होळीला गोवऱ्या पळवणाऱ्या पोरांवर आळ घेता येईना. संशय गेला शेजारच्या काकूंवर. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती आणि चुलीवर दिवसभर पाण्याचा हंडा. मायनं भिंतीवरून सुरुवात केली.

"बाई, तुह्या घरातून लय धूर निंगून राह्यला वं!"

"लेक बाळंतीन हाये. थंड्या पान्यानं न्हाऊ घालू काय तिले?"

"घाल ना गरम पान्यानं. पन आपल्या गोवऱ्यांवर घाल!"

दोघी इतकी वर्षं एकमेकींच्या चुलीतला विस्तव न्यायच्या, तोही बंद झाला. विहिरीवर काकू आल्या की बायका गप्प होत. बाळंतिणीला बघायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. मला हे सगळं दिसत होतं.

आणि आता जे सांगणं जड जातं ते सांगतो. त्याच आठवड्यात काकूंनी मला ओसरीवर बोलावलं, ताकाचा गिलास हातात दिला आणि हळूच विचारलं, "बापू, तुह्या मायले काय वाटते ते वाटो. म्या गोवऱ्या नेल्या, असं तुले तरी वाटते काय?"

"मले काय मालूम, काकू," मी म्हणालो. आणि आणखी एक गिलास ताक मागितलं.

शुक्रवार उजाडला तरी टाकी बोटभर हलली नव्हती. घाबरून मी हाताला लागल्या तेवढ्या गोवऱ्या अख्ख्याच नळीत कोंबल्या. साहेब आले, माणसं जमली, मी भाषण करत शेणपाणी ओतलं. ते खाली जाण्याऐवजी कुंडीतून उतू जाऊन पाहुण्यांच्या सतरंजीकडे निघालं. वडिलांनी वेळू आणून नळीत ढोसला. दोनचार हिसक्यांत एक गोवरी वर आली, भिजलेली पण धड.

नेमकी तेव्हाच माय चुलीवरचा चहा घेऊन आली. तिनं कपांचं ताट खाली ठेवलं, गोवरीवर आपला पंजा टेकवला. आखूड बोटासकट बरोबर बसला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

साहेब समजुतीनं म्हणाले, "अहो, गोवऱ्या टाकायच्या नसतात यात. ताजं शेण लागतं."

"सायेब, हे तुमी पयलेच सांगाचं होतं!" माय म्हणाली आणि ती गोवरी हातात घेऊन भिंतीकडे गेली. भिंतीवरून काकू सगळं बघतच होत्या.

"बाई, माहं चुकलं वं."

"तुहं कायले चुकते? तुह्या पास झालेल्याचं चुकलं." मग त्या मला म्हणाल्या, "ताक पेताना तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग दुसरा गिलास काहून मांगतला, बाप्पा?"



रोडगे झाले. निम्म्याहून जास्त गोवऱ्या काकूंच्या होत्या आणि पहिला रोडगा मायनं बाळंतिणीला नेला. मला शिक्षा अशी की लेक सासरी जाईपर्यंत काकूंच्या गोवऱ्या मी थापायच्या, त्याही रस्त्याकडच्या भिंतीवर. आळीतल्या बायका येऊन शिकवून जात. "पास झाला म्हंते अन् गोवरी गोल येत नाई!" पुढे नुसत्या ताज्या शेणावर टाकीही उठली, पण गॅसवरच्या चहाची चव मला कधी लागली नाही.

लग्नानंतर बायकोला घेऊन काकूंच्या पाया पडायला गेलो. त्यांनी आशीर्वाद दिला, आत गेल्या आणि कोनाड्यातून एक वेडीवाकडी गोवरी आणून बायकोच्या हातात ठेवली. तिच्यावर माझा पंजा होता. ती जाळायची नाही, असं त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं. मग सगळी हकिगत सांगितली, ताकासकट, आणि आम्हा दोघांना एकेक गिलास ताक दिलं.

"आनखी देऊ?" त्यांनी मला विचारलं.

मी गिलास पालथा घातला.