उदगीरला रणगाड्याचं इंजिन काढायला

लग्नाला तीस वर्षं उलटली, तरी माझ्या बायकोनं, मंगलनं, माझं काम कधी पाहिलं नव्हतं. लष्करात मी रिकव्हरी क्रेनवर होतो. रणगाड्यांची इंजिनं उचलून बाहेर काढायची आणि दुरुस्त झाली की पुन्हा बसवायची. मंगल मात्र भोकरकडे माहेरी सांगायची की आमचे हे गाड्या धुतात. उदगीरच्या एका आयटीआयला जुना रणगाडा मिळाला. त्याचं इंजिन मुलांना शिकायला बाहेर काढून द्या, असं बोलावणं आलं, तेव्हा मी तिलाही सोबत घेतलं. माझी सारी अब्रू आता क्रेनच्या हुकावर लटकणार होती.

जाणार असाल तर नांदेडहून सकाळची एसटी धरा. कंधार, जांब, जळकोट करत तीन-साडेतीन तास, खड्ड्यांची मर्जी असेल तर. यंदाच्या दुष्काळात वाटेत टँकरच जास्त दिसतात, तेव्हा पाणी घरूनच न्या. उदगीरला स्टँडजवळ भाकरी-पिठलं स्वस्तात पोटभर मिळतं. शेजारच्या टेबलावर नव्या जिल्ह्याची चर्चा रंगली होती. लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी मी भरती झालो. उदगीरकर अजून आपल्या जिल्ह्याची वाट बघतायत. मंगलनं तिची भाकरी माझ्या ताटात सरकवली आणि मी मूठ वर केली. आमच्या कामात मूठ वर म्हणजे थांब. ही सवय घरी आली त्याला जमाना झाला आणि मंगल तेव्हापासून मला हसते.

आयटीआयच्या मैदानात रणगाडा पाहिला आणि ऊर भरून आला. भाड्यानं आणलेल्या हायड्रा क्रेनवर बस्वराज नावाचा हसरा ड्रायव्हर होता. सगळ्यांना नियम सांगितला: इशारा फक्त माझा, बाकी कुणी तोंड उघडायचं नाही, थांबवायचा हक्क मात्र सर्वांना. जमीन दगडासारखी वाळलेली होती, म्हणून मी क्रेनच्या चाकांखाली फळ्या घातल्या नाहीत. वाळवंटात, पंजाबात नोकरी केलेला माणूस मी, आपली काळी माती विसरलो.

चहूबाजूंनी जेमतेम चार बोटांची फट ठेवून इंजिन रणगाड्यातून हळूहळू वर येऊ लागलं. माझी नजर हुकावर होती. सहज पलीकडे पाहिलं, तर बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीजवळ उभ्या मंगलची मूठ वर. क्षणभर राग आला, पण नियम माझाच होता. मीही मूठ वर केली आणि बस्वराज जागीच थांबला.

"पुढच्या चाकाखाली भेग हाय," ती म्हणाली. "वरून टणक दिसते, आतून पोकळ असते. माती सरकून राहिली."

वाकून पाहिलं, तर चाक खरंच खचत होतं. इंजिन सावकाश परत खाली बसवलं, क्रेन मागे घेतली, फळ्या टाकल्या आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ते अलगद बाहेर येऊन त्याच्यासाठी ठेवलेल्या लोखंडी स्टँडवर बसलं. बस्वराज खाली उतरला तो मला ओलांडून थेट तिच्याकडे गेला. "काकू, तुम्ही वाचवलं आम्हाला," म्हणाला. तिच्यापेक्षा मलाच जास्त अभिमान वाटला.

 घरी परतल्यावर शेजारीण आली, तेव्हा मंगल तिला सांगताना मी आतून ऐकलं.

"आमी दोघांनी रणगाड्याचं इंजिन काढलं."

चुकीचं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्त करायची मला खोड आहे. या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.