वाचनालयाच्या खिडक्या

आमच्या गावचं वाचनालय बांधलं तेव्हा गावात वीज नव्हती. म्हणून दगडी भिंतीत उंच, रुंद खिडक्या ठेवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत टेबलांवर उजेड असायचा. काल गेलो तर गवंडी त्या विटांनी बुजवत होता.

"हे कशासाठी?" मी कार्यवाहांना विचारलं.

"देणगीदारांचे फोटो लावायला भिंत हवी. आता ट्यूबलाइट आहेत की."

माझं डोकंच फिरलं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांची कुणी एवढी काळजी केली होती, आणि यांना तिथे फक्त खिळे ठोकायची जागा दिसली.

तिथेच वाचत बसलेल्या निवृत्त शिक्षिका सुमनताई उठल्या. गवंडी आणि खिडकी यांच्यामध्ये त्यांनी खुर्ची मांडली आणि पेपर उघडला.

"बाई, जरा सरकता का?" कार्यवाह म्हणाले.

"वाचून झालं की," म्हणत त्या पहिल्या पानापासून वाचायला लागल्या.